शाळेचा शनिवारचा निरोप

आम्ही तांडा सोडला त्या दिवशी ऑटो पार दारापर्यंत आला होता. विनोदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाद्या, भांड्यांचं पोतं आणि माझी शिलाई मशीन मागे दोरीने बांधली. मी रोशनीला सगळ्यात आधी आत बसवलं. ती दारात उभी राहिली की येणारं-जाणारं माणूस तिच्याकडे बघत थांबायचं, आणि ते मला सहन होत नव्हतं. दुसरीतली पोर. मांडीवर दप्तर घेऊन ती समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत बसली.

आम्हा बंजाऱ्यांत बाई तांडा सोडून निघाली की बायका तिच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्याला ढावलो म्हणतात. माझं लग्न झालं तेव्हा माहेरच्या बायकांचा ढावलो ऐकून जीपवाल्यानेही डोळे पुसले होते. या वेळी सासूबाईंनी माझ्या गळ्यात हात टाकले, पहिली ओळ उचलली, आणि शेजारच्या बंद दाराकडे नजर गेली तशी ती मधेच सोडून दिली.

"जाय, संगी," त्या म्हणाल्या. "पोरीले सांभाळजो."

ते बंद दार निर्मलाचं होतं. निर्मला माझी मोठी जाऊ. मी तिला भाभी म्हणते. आमची दोन घरं एका अंगणात, मधे कूड नाही, चूल वेगळी पण पाटा-वरवंटा एकच. ती घरातच होती. आतून भांड्याचा आवाज आला. पण दार उघडलं नाही, आणि मीही वाजवलं नाही.

तांड्यातल्या माणसांनो, आणि माझ्यासारखं पोरंबाळं घेऊन पुण्याला, हैद्राबादला गेलेल्यांनो, आम्ही का निघालो याबद्दल तुम्ही बरंच ऐकलं असेल. कोणी म्हणतं कंपनीतली नोकरी मिळाली म्हणून, कोणी म्हणतं भावाभावांत बिनसलं म्हणून. दोन्ही खरं नाही. जे झालं ते सांगते. घरात आम्ही गोरबोली बोलतो. इथे सगळ्यांना समजावं म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत देते.

फुलसावंगीच्या अंगाला आमचा तांडा. तांड्यात जिल्हा परिषदेची शाळा होती, दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची. एकच सर, तेही मोटारसायकलवर यायचे. आम्हाला शाळेची बातमी कागदावर कधी मिळाली नाही. सर गाडी हळू करत एकेका दारापुढून ओरडत जायचे: उद्या डोस आहे, परवा झेंडा आहे, गणवेश धुऊन पाठवा, सेवालाल जयंतीला लेकरं नाचणार आहेत तर घुंगरू कोणाकडे आहेत? शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते वडाखाली जरा थांबायचे. बायका जमायच्या. कोणाच्या पोराच्या कानातून पाणी येतं, कोण पाढे चुकतं, कोणाच्या घरामागे साप निघाला म्हणून पोरांनी तिकडून येऊ नये, सगळं तिथेच बोलून व्हायचं. मी बारावी झालेली, म्हणून मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं होतं. सही करायची आणि खिचडीची चव बघायची, एवढंच माझं काम.

मग पट कमी म्हणून शाळा बंद झाली. आदेश वरून आला. आम्ही तालुक्याला, महागावला जाऊन आलो, हात जोडले, बोललो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं. "ताई, माझ्या हातात नाही," म्हणाले, आणि मला वाटतं ते खरं बोलत होते. जूनपासून आमची लेकरं पलीकडच्या गावच्या शाळेत जायला लागली. वाट शेतातून. मधे नाला, नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे सिमेंटचा बुटका रस्ता. कठडा नाही, पाणी वाढलं की वरूनच वाहतं.

भाभीची कोमल आणि माझी रोशनी एकाच वर्गात. एकीला उवा झाल्या की दुसरीचं डोकं आपोआप खाजायचं, इतक्या चिकटून असायच्या. सकाळी मी दोघींच्या वेण्या घालायचे, भाभी दोघींचे डबे भरायची.

पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी लख्ख ऊन होतं. दुपारी वरच्या डोंगराकडे काळं झालं. पलीकडच्या शाळेतल्या बाईंनी आभाळ बघून तांड्याच्या लेकरांना लवकर सोडलं, पावसाच्या आधी घरी पोचावीत म्हणून. आमच्याकडे तर थेंबही पडला नव्हता. पण वरचं पाणी नाल्याने आलं होतं. लेकरं रपट्यावर पोचली तेव्हा पाणी मोठ्या पोरांच्या घोट्याच्या वर होतं. चौथीतल्या पोरांनी सगळ्यांना ओळीत हात धरायला लावले. ओळीच्या शेवटी आमच्या दोघी. रोशनी पुढे, कोमल मागे.

रोशनी अलीकडे आली. कोमल आली नाही.

दिवस मावळायच्या आत ती सापडली, खाली बाभळींमध्ये. भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या बापाने, तिला उचलून आणलं. मी त्यावर अजून काही लिहिणार नाही.

लिहायचंय ते नंतरचं. आमच्या अंगणात माणसं यायला लागली. आधी सोयरे, मग तलाठी, पोलीस पाटील, मग कॅमेरा घेऊन कोणी कोणी. बसायचे, पाणी प्यायचे, आणि रोशनी दिसली की प्रत्येकाच्या तोंडून तोच प्रश्न.

"हात कोनं सोडला, बाळा?"

कोणी कुरवाळून विचारायचं, कोणी दरडावून. एका सोयरीने तर चॉकलेट देऊन विचारलं. रोशनी आधी म्हणायची, "मी नाई सोडला." मग म्हणायला लागली, "मले माईत नाई." मग बोलायचीच बंद झाली. मी माणसं आली की तिला मागच्या दाराने बाहेर काढायचे. पण तांड्यात मागचं दार कुणाच्या तरी पुढच्या दारापाशीच उघडतं. भाभीने तो प्रश्न कधीच विचारला नाही. ती रोशनीकडे बघायचीच नाही. पोर समोरून आली की पदर ओढून दुसरीकडे वळायची. मला ते विचारण्यापेक्षा वाईट वाटलं. मनात आलं, हिच्या लेखी ठरलंय.

एका सकाळी रोशनीने गणवेश घालायला नकार दिला आणि कोपऱ्यात बसून स्वतःचा उजवा हात चावला. रक्त आलं. त्याच आठवड्यात विनोदने चाकणला असलेल्या त्याच्या मित्राला फोन लावला.

आता आम्ही चाकणच्या बाजूला एका खोलीत राहतो. विनोद गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. मी एका पॅकिंगच्या युनिटमध्ये फर्स्ट शिफ्ट करते. बोलण्यात आता शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास येतात. परवा सासूबाईंना फोनवर "थोडं ॲडजस्ट करा" म्हणाले तर त्या हसल्या, बऱ्याच महिन्यांनी. इथे पाणी नळाला येतं, दुकान पायाशी आहे, आणि आम्ही कोण हे कुणाला माहीत नाही. ते शेवटचं मला पहिले काही महिने फार आवडलं.

रोशनीला मधेच दुसरीत घेतलं. मोठी शाळा, तीन मजले. दर शनिवारी पालकांच्या ग्रुपवर शाळेचा लांबच लांब निरोप येतो. वर गुलाबाचं चित्र, मग आठवड्याच्या बातम्या: कोणत्या वर्गाने काय केलं, कोणाचे वाढदिवस, चित्रकलेत कोण आलं. मग सण: कधी सोमवारी भोंडला, पांढरे बूट नकोत, कधी बुधवारी नाताळ, घरचा केक चालेल. आणि शेवटी जाड अक्षरात सुरक्षेच्या सूचना. मुख्य गेटसमोर खोदकाम सुरू आहे, मुलांना मागच्या गेटने न्यावं. व्हॅन पूर्ण थांबल्याशिवाय मुलांना उतरवू नये. जिन्याचा कठडा हलतो आहे, दुरुस्तीपर्यंत तो जिना बंद.

पहिल्यांदा तो कठड्याचा मेसेज वाचला तेव्हा मी लाइनवर खोके चिकटवत होते. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचला. एक कठडा हलतो म्हणून जिना बंद केला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला इतका राग आला की डबा तसाच बंद करून ठेवला. कोणावर राग आला, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

नंतर एका शनिवारी सूचना आली की वर्ग पोस्ट ऑफिस बघायला जाणार आहे, रस्ता ओलांडताना प्रत्येक मुलाने आपल्या जोडीदाराचा हात धरायचा, जोड्या बाई ठरवतील. पोस्ट ऑफिसची फेरी झाल्यावर बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "रोशनी कुणाचाच हात धरत नाही. जबरदस्ती केली तर चावायला येते. घरी काही आहे का?"

मी अर्धी शिफ्ट टाकून शाळेत गेले. वर्ग रिकामा होता. मी बाईंना सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. मी थांबल्यावर त्यांनी टेबलावरचे खडू उगाच एका रेषेत लावले.

"मला माहीत असतं तर तिला ओळीत उभीच केली नसती," त्या म्हणाल्या. "ती माझ्याबरोबर चालेल. तिला हात नको तर नको. माझ्या पर्सचा पट्टा धरेल."

तेव्हापासून कुठेही जायचं असलं की रोशनी ओळीच्या बाहेर, बाईंच्या पर्सचा पट्टा धरून चालते. बाकीची पोरं तिला त्यावरून चिडवत नाहीत. बाईंनी त्यांना काय सांगितलं, मी विचारलं नाही.

जानेवारीत पारंपरिक वेशभूषेचा दिवस होता. निरोपात लिहिलं होतं, आपापल्या भागाचा पोशाख घाला. मी सासूबाईंचा आरशांचा जुना फेटिया, म्हणजे आमचा घागरा, कापून रोशनीच्या मापाचा शिवला. सगळ्या वर्गात नऊवाऱ्या आणि मावळे. माझी एकटी पोर आरशांनी चमकत होती. मुली तिच्या घागऱ्यात स्वतःचं तोंड बघायला वाकत होत्या. ती हसली. त्या शनिवारच्या निरोपात तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: दुसरीच्या रोशनीने बंजारा पोशाख घातला होता.

मी फोन तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे तिकडं पाठवलं का, मम्मी?"

"पाठवू का? दादीले दाखवू."

"नको. मोठ्या याडीनं पाह्यलं त?" मोठी याडी म्हणजे मोठी आई. ती निर्मलाला असंच म्हणते.

"पाह्यलं त काय होते?"

ती फोनकडेच बघत बोलली. "कोमलनं सोडला. तिची चप्पल गेलती वाहून, नवी चप्पल. ते धरासाठी तिनं सोडला. मी वढलं, पन तिनंच सोडला."

मी विचारलं, "मंग तू कोनाले सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं त सगळे कोमलले बोलले असते," रोशनी म्हणाली. "आन ते त नाई हाये."

सात वर्षांची पोर. हात कोणी सोडला म्हणून सगळा तांडा तिला विचारत होता, आणि ती गेलेल्या बहिणीला बोल लागू नये म्हणून गप्प बसली होती. मी तिला जवळ घेतलं. ती आक्रसली, मग सैल झाली. विनोद कामावरून आल्यावर मी त्याला सांगितलं. तो बाहेर जाऊन नळाखाली खूप वेळ तोंड धूत राहिला.

हे भाभीला सांगायचं का? सगळा उन्हाळा मी याच विचारात काढला. सांगितलं तर माझी पोर सुटते. पण मेलेल्या लेकराची चूक त्याच्या आईला कशी सांगायची? विनोद म्हणायचा, "सांग, आपल्या पोरीचं नाव कायले खराब ठेवतं?" आणि दुसऱ्या दिवशी तोच म्हणायचा, "राहू दे."

श्रावणात तीज आली. आमच्या कुवार पोरी टोपलीत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि उगवलेली रोपं शेवटी वाजतगाजत पाण्यात सोडतात. सासूबाईंनी बोलावलं. रोशनी म्हणाली, "तू जा." मी एकटीच ट्रॅव्हल्सने गेले.

नाल्यावर रपटा तोच होता. कडेला एक पाटी लागली होती: पाणी वाहत असताना रपटा ओलांडू नये. पाटी वाचून मी पलीकडे आले. बंद शाळेच्या व्हरांड्यात कोणी कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती रचली होती.

तांड्यात तीज होती, पण ढोलक हळू होतं. भाभीच्या घरी टोपली नव्हती. ती अंगणात तूर निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले आणि सुपातली तूर निवडायला लागले. माझी वाक्यं ट्रॅव्हल्समध्ये पाठ केलेली होती. मी पहिलं तोंडात आणलं.

"भाभी, मले तुले एक सांगायचं होतं. त्या दिवशीचं."

"नको सांगू," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "मले माईत हाये. चपलेसाठी सोडला तिनं."

मला वाटलं रोशनी कुणाजवळ तरी बोलली होती. "तुले कोनं सांगितलं?"

"कोनी कायले सांगते? माही पोरगी मले माईत नाई का?" आता तिचे हात थांबले. "पोळ्याले नवी चप्पल घेऊन देल्ली होती. त्याच्या आधीची तिनं हरवली होती. मी म्हनलं, यावेळी हरवून आली त घरात घेनार नाई. त्याच दिवशी सकाळी म्हनलं, संगी. डबा भरून देतानी."

ढोलक तिकडे वाजत होतं.

"तुह्या पोरीकडं पाहू शकत नोती मी," ती म्हणाली. "मले वाटे, तिनं आयकलं असन. डबा देतानी ते बाजूलेच उभी होती. मले वाटे, हे पोरगी एक दिवस सगळ्याइच्या समोर सांगन."

म्हणजे त्या दोघी एकमेकींना भीत होत्या. एका अंगणात राहून. आणि मी दोघींच्या मधे बसून भलताच हिशोब करत होते.

"तिनं कोनालेच नाई सांगितलं," मी म्हणाले. "कोमलले कोनी बोल लावू नये म्हनून."

भाभीने पदर तोंडात धरला. तिचं रडणं संपेपर्यंत मी तूर निवडत राहिले. मग तिने नाक पुसलं.

"तिले सांगजो, मोठी याडी तुह्यावर रागावली नाई. कधीच नोती." थोड्या वेळाने म्हणाली, "पन आनू नको सध्या. मले माईत हाये, ते बरोबर नाई. पन ते समोर आली का कोमल आता केवढी झाली असती, ते दिसते मले. वेनी कुठवर आली असती, ते दिसते."

मी मान डोलावली. निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "तुह्या शाळेचं दर शनिवारी काय ते येते म्हन्ते ना सासू? ते मले सांगत जाय. तिसरीचं. तिसरीतल्या पोरी काय करतेत ते."

आता शनिवारी शिफ्ट सुटली की मी खोलीबाहेरच्या पायरीवर बसते आणि शाळेचा निरोप गोरबोलीत वाचून तिला आवाजात पाठवते. तिसरीने मातीचे बैल केले. तिसरीला मंगळवारी दात तपासायला डॉक्टर येणार. गणपतीच्या सुट्टीनंतर कविता पाठ करून यायची. पहिल्या वेळी शेवटच्या सूचना मी गाळल्या. तिचं उत्तर आलं: "शेवटचं काहून नाई वाचलं? ते लेकरायच्या सांभाळाचं. तेबी वाच." तेव्हापासून ते पण वाचते, जाड अक्षरातलं सगळं. सासूबाई सांगतात, ती फोन उंबऱ्यावर ठेवते आणि शेजारच्या लेकुरवाळ्या बायकाही येऊन ऐकतात. या पावसाळ्यातही त्यांची लेकरं त्याच रपट्यावरून जात आहेत.

इथे लोक विचारतात, गावी घर आहे का? आहे म्हणते. पण जिथे मी माझ्या पोरीला नेऊ शकत नाही त्या जागेला घर म्हणावं का, हे मला कळत नाही. आणि या खोलीत, जिथे आम्हाला कोणी विचारत नाही, तिथे मला अजून कोणाचं नाव घेऊन रडता येत नाही. मेलेल्यांना ओळखणारी माणसं असतात तेच घर, असं आता वाटतं. आमचं घर तिकडेच आहे. आम्हीच तिथे नाही. तुमच्यापैकी जे निघालात, त्यांनाही असंच वाटतं का?

गेल्या शनिवारच्या निरोपात पाढ्यांची स्पर्धा होती, तिसरीसाठी सातपर्यंत. मी नेहमीसारखं वाचून पाठवलं. भाभी एरवी ऐकते आणि गप्प राहते. या वेळी तिचा आवाज आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट होता.

"आन तिले येतेत का?"

कोणाला, ते तिने म्हटलं नव्हतं. मी दोनदा ऐकलं. मग सांगितलं, "सहापर्यंत येतेत भाभी. सातचा अजून चुकते."